ड्रोन थोडक्यात वाचला, तर कळवायचं कुणाला आणि कसं? कोकणातल्या नव्या चालकांसाठी

कोकणात ड्रोन आता नवलाईचा राहिलेला नाही. आंब्याच्या बागेतली फवारणी, स्वामित्व योजनेतली गावठाणांची मोजणी, लग्नाचं शूटिंग, होमस्टेची जाहिरात, सगळीकडे तो दिसतो. जानेवारी २०२५ पासून मत्स्यव्यवसाय विभागही बेकायदा मासेमारीवर ड्रोनने नजर ठेवू लागला आहे. उडवणारे वाढले आणि त्यांत कालपरवा प्रमाणपत्र मिळालेले बरेच आहेत. प्रत्येकाकडे एखादी तरी गोष्ट असतेच: पॅरासेलिंगचा दोर दोन हातांवरून गेला, घारीने झडप घातली, माडाच्या झावळीला प्रॉप, म्हणजे पंख्याचं पातं, घासला आणि ड्रोन कसाबसा वर आला. ही गोष्ट संध्याकाळी चहाबरोबर सांगितली जाते आणि तिथेच विरते. शेजारच्या तालुक्यातला चालक पुढच्या महिन्यात त्याच जागी तसाच अडकतो.

अशी घटना नीट लिहून, आपलं नाव चव्हाट्यावर न येता, कामाच्या माणसापर्यंत कशी पोचवायची ते इथे सांगतो.

पहिली पायरी: जागेवरचं काम

कळवायचं नंतर. ड्रोन खाली आला असेल तर आधी कुणाला लागलंय का ते पाहा. उलट्या पडलेल्या ड्रोनच्या मोटरी कधी कधी फिरतच असतात आणि त्याच्याकडे सगळ्यांत आधी धावतात ती लहान मुलं. त्यांना लांब करा, मोटरी बंद झाल्याची खात्री करा, मगच हात लावा.

खाऱ्या पाण्यात बुडालेली लिथियम बॅटरी ही तर वेगळीच भानगड. वरून कोरडी दिसली तरी आत मीठ आणि ओल असते, आणि ती तासाभराने किंवा दुसऱ्या दिवशीही पेट घेऊ शकते. ती गाडीच्या डिकीत टाकू नका. "चालते का बघू" म्हणून चार्जिंगला तर मुळीच लावू नका. घरापासून लांब, उघड्यावर, आजूबाजूला गवत-पेंढा नाही अशा जागी ठेवा.

मग पुरावा. मेमरी कार्ड काढून बाजूला ठेवा, फॉरमॅट करू नका. ॲपमधला त्या उड्डाणाचा लॉग, म्हणजे आपोआप होणारी नोंद, लगेच कॉपी करून घ्या. ॲप काढून पुन्हा टाकण्याचा मोह आवरा, त्यात लॉग जाण्याची भीती असते. वारा कुठून होता, भरती होती की ओहोटी, कोण कुठे उभं होतं, हे त्याच दिवशी कागदावर उतरवा. दोन दिवस गेले की आठवण आपल्या सोयीची होत जाते.

दुसरी पायरी: सक्तीचं काय, स्वेच्छेचं काय

नव्यांचा गोंधळ बहुतेक इथेच होतो. कळवण्याचे दोन रस्ते आहेत आणि एकाने गेलात म्हणून दुसरा टळत नाही.

२५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांनुसार, अपघात झाल्यापासून ४८ तासांच्या आत चालकाने तो 'डिजिटल स्काय' या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरून नागरी विमान वाहतूक महासंचालकांना, म्हणजे डीजीसीएला, कळवायचा असतो. हे सक्तीचं आहे. इथे नाव झाकण्याचा प्रश्नच येत नाही. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कुणाला गंभीर दुखापत झाली, कुणाच्या मालमत्तेचं नुकसान झालं, ड्रोन मोडला, तर विचार करत बसू नका. ड्रोन समुद्रात गेला आणि सापडलाच नाही, तर? विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत विमान बेपत्ता होणं हाही अपघातच. म्हणून माझा सल्ला असा की शंका असेल तर ४८ तासांच्या आत कळवूनच टाका. जास्तीचा एक अर्ज भरल्याने काही बिघडत नाही.

विमा कंपनीला कळवणं हे आणखी निराळं काम. नॅनो, म्हणजे २५० ग्रॅमपर्यंतचे, सोडले तर बाकी ड्रोनना थर्ड पार्टी विमा लागतो, आणि दावा करायचा तर त्यांच्या मुदतीत त्यांना कळवावं लागतं. तीन ठिकाणी तीन कागद गेले तरी तिन्हींतली हकिगत एकच असली पाहिजे. विमा कंपनीला "अचानक वावटळ आली" आणि दुसरीकडे "बॅटरी कमी होती", असं लिहिणारे लोक आहेत. त्यांना पुढे त्रास होतो, आणि तो व्हायलाच हवा.

माणसं असलेलं विमान किंवा हेलिकॉप्टर ड्रोनच्या जवळून गेलं तर अर्ज वगैरे नंतर. ड्रोन ताबडतोब खाली घ्या आणि जवळच्या हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाला किंवा पोलिसांना फोन करा. रत्नागिरीला तटरक्षक दलाचा हवाई तळ आहे. समुद्रावर शोध घ्यायला निघालेलं हेलिकॉप्टर किनाऱ्यालगत बरंच खालून जाऊ शकतं, आणि त्याला तुमचा ड्रोन दिसेल या भरवशावर राहता येत नाही.

आता राहिलं ते स्वेच्छेचं. कुणाला लागलं नाही, काही मोडलं नाही, पण पोटात गोळा आला, अशा सगळ्या घटना यात येतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं १९वं परिशिष्ट सुरक्षा व्यवस्थापनाचं आहे. प्रत्येक देशाने सक्तीच्या जोडीला अशी स्वेच्छेची व्यवस्थाही ठेवावी, आणि ती शिक्षेसाठी वापरू नये, असं ते सांगतं.

नाव का झाकायचं

ही पायरी नव्हे, पण हे कळल्याशिवाय पुढचं सगळं कागदी वाटेल.

१ डिसेंबर १९७४. टीडब्ल्यूए कंपनीचं ५१४ क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनच्या डलस विमानतळाकडे उतरताना व्हर्जिनियातल्या एका डोंगरावर आदळलं. ९२ माणसं गेली. नियंत्रकाने दिलेल्या परवानगीचा अर्थ वैमानिकांनी 'आता खाली यायला हरकत नाही' असा घेतला होता. चौकशीत निघालं ते असं: सुमारे सहा आठवडे आधी युनायटेड कंपनीचं एक विमान त्याच वाटेवर, त्याच गैरसमजातून, थोडक्यात वाचलं होतं. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीला कळवलं, आणि कंपनीने आपल्या बाकीच्या वैमानिकांना सावधही केलं. टीडब्ल्यूएपर्यंत मात्र ते पोचलंच नाही.

त्यानंतर अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने स्वतःच अशा बातम्या गोळा करायला घेतल्या. पण जो दंड करतो त्यालाच जाऊन "मी चुकलो" कोण सांगणार? म्हणून १९७६ मध्ये हे काम नासाकडे गेलं. नासाला ना परवाना रद्द करता येतो, ना दंड ठोकता येतो. तिथल्या अर्जावर नाव-पत्त्याची एक वेगळी पट्टी असते. तज्ज्ञाला काही विचारायचं असेल तर तो त्यावरून फोन करतो. काम झालं की ती पट्टी अर्जापासून फाडून, तारखेचा शिक्का मारून, पाठवणाऱ्यालाच परत जाते. कार्यालयात उरते ती फक्त घटना. २०२१ पासून ड्रोनवाल्यांसाठी तिथे स्वतंत्र अर्ज आहे. ब्रिटनमध्ये हेच काम चर्प ही धर्मादाय संस्था १९८२ पासून करते, आणि तिचीही ड्रोनसाठी वेगळी शाखा आहे.

दोन्ही ठिकाणी नाव विचारतात, पण ते बाहेर जाऊ देत नाहीत. चर्प तर निनावी पत्रावर सहसा पुढे काही करत नाही, कारण खरं-खोटं पडताळायला माणूसच नसतो. आपल्याकडे निनावी अर्ज म्हणजे कुणाच्या तरी नावाने ठोकलेली तक्रार, हा अनुभव ग्रामपंचायतीपासून सगळ्यांना आहे. म्हणून सांगतो, ज्याच्यावर विश्वास आहे त्याला नाव द्या.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकेत दहा दिवसांच्या आत असा अहवाल दिला, चूक जाणूनबुजून केलेली नसली, गुन्हा किंवा अपघात घडलेला नसला, तर दंडातून सूट मिळू शकते. आपल्या ड्रोन नियमांत असं माफीचं कलम नाही. नोंदणी क्रमांक नसलेला ड्रोन रेड झोनमध्ये, म्हणजे परवानगीशिवाय उडवता येत नाही अशा हद्दीत, उडवून मग "गोपनीय अहवाल दिलाय" म्हणाल, तर त्याने तुमची सुटका होणार नाही, आणि कुणी होईल असं सांगत असेल तर त्याचं ऐकू नका.

तिसरी पायरी: घटना लिहायची कशी

"जोराच्या वाऱ्यामुळे ड्रोन पडता पडता वाचला." बहुतेकांचा पहिला मसुदा असा असतो. यातून कुणाला काहीही शिकता येत नाही. वारा कोकणात रोजच असतो.

खालचा नमुना कल्पित आहे, पण असं घडणं अगदी सोपं आहे:

"मार्चचा दुसरा पंधरवडा, दुपारी साडेचार. खाडीच्या मुखाजवळ होडीवरून उड्डाण. ओहोटी सुरू झालेली, वारा समुद्राकडून. होडीचं इंजिन बंद होतं. उड्डाणाच्या वेळी होम पॉइंट, म्हणजे ड्रोन आपोआप परततो ती जागा, होडीवरच नोंदला गेला. अकरा मिनिटांत होडी प्रवाहाबरोबर साधारण दीडशे मीटर सरकली, हे माझ्या ध्यानात आलं नाही, कारण मी स्क्रीनकडे पाहत होतो. बॅटरी पंचवीस टक्क्यांवर आल्यावर ड्रोन आपोआप परत फिरला आणि जिथून उडाला होता तिथे, म्हणजे मोकळ्या पाण्यावर, उतरायला लागला. पाण्यापासून अंदाजे आठ मीटरवर मी ते रद्द केलं, हाताने चालवत होडीपर्यंत आणला. मदतनिसाने हातात धरला तेव्हा बॅटरी नऊ टक्के. कुणाला इजा नाही. शूटिंगच्या जोडप्याला सूर्यास्ताच्या आत आणखी दोन ठिकाणं हवी होती म्हणून घाई होती. दुपारचं जेवण झालं नव्हतं."

शेवटची दोन वाक्यं लोक गाळतात. तीच तर हवी असतात! ड्रोनने केलं ते त्याच्या प्रोग्रॅमप्रमाणेच केलं. चालकाचं होडीकडे लक्ष का नव्हतं, हे कळलं तर पुढे काही बदलता येतं: होडीवर असताना होम पॉइंट अधूनमधून नव्याने नोंदवायचा, आणि मदतनिसाचं एकच काम ठेवायचं, होडी कुठे चालली ते बघत राहायचं. उपाशी होतो, रात्री जागरण झालं होतं, पार्टी पैसे कापेल अशी भीती होती, उन्हात स्क्रीन दिसत नव्हती, बागायतदार "एवढी एक ओळ मारून टाका" म्हणत मागे लागला होता, हे सगळं लिहा. लाज वाटेल, पण लिहा.

क्रम सांगायचा तर आधी परिस्थिती, मग घडलं ते वेळेच्या क्रमाने, मग तुम्ही काय केलंत, आणि अगदी शेवटी तुमचं मत. मत मध्येच घुसवलं की वाचणाऱ्याला पाहिलेलं आणि वाटलेलं वेगळं करता येत नाही. उंची लॉगमधून घेतली की डोळ्यांनी, तेही लिहा. किल्ल्याच्या तटावरून उडवून खाली पुळणीवर नेलात तर स्क्रीनवर उंची उणे दिसते, कारण ती उड्डाणाच्या जागेपासून मोजलेली असते. उलटी तऱ्हा जास्त घातक. पुळणीवरून उडवलं, परतीची उंची तीस मीटर ठेवली, आणि मध्ये पन्नास मीटरचा कडा. अशा घटनेत उड्डाणाची जागा लिहायची राहिली, तर बाकीच्या आकड्यांना अर्थ उरत नाही.

किनाऱ्यावर काय काय कळवण्याजोगं, असा प्रश्न नवे हमखास विचारतात. लाटांवर खाली उडताना पोटाखालचे सेन्सर फसून ड्रोन आपोआप खाली-वर होणं. लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटच्या जेटीवरून उडवताना कंपास बिघडल्याचा इशारा. समुद्री गरुडाने किंवा घारीने केलेला हल्ला, आणि जवळपास घरटं होतं का. बागेतून गेलेली विजेची तार, जी झावळ्यांमागे दिसलीच नाही. पॅरासेलिंग चालू असलेल्या पुळणीवर बोटवाल्याशी आधी बोलणं झालं नव्हतं, ही गोष्टसुद्धा.

चौथी पायरी: ओळख पुसणं

मोठ्या शहरात नाव काढलं की माणूस लपतो. कोकणात तसं होत नाही. "गुहागरला रविवारच्या लग्नात नारिंगी ड्रोन माडात अडकला" एवढं लिहिलं की दापोलीपर्यंत सगळ्यांना कळतं कोणाचा. तालुक्यात चार जण ड्रोन उडवतात आणि त्यांतला एकच फवारणी करतो. तेव्हा ओळख पुसताना नाव ही सगळ्यांत किरकोळ गोष्ट समजा.

गावाचं नाव काढा, पण जागा कशी होती ते ठेवा: खाडीचं मुख, कातळसडा, उतारावरची कलमांची बाग, माडाच्या आगरातली मोकळी जागा. तारीख काढा, पण हंगाम, दिवसाची वेळ आणि भरती-ओहोटी ठेवा. मोहोराच्या दिवसांतली घटना आणि पावसाच्या तोंडावरची घटना सारखी नसते. ड्रोनचा रंग, नोंदणी क्रमांक, बॅटरीवर चिकटवलेलं स्टिकर काढा, वजनाचा वर्ग ठेवा. नियमांत २५० ग्रॅम ते २ किलो मायक्रो आणि त्यावर २५ किलोपर्यंत स्मॉल. फवारणीचा ड्रोन आणि लग्नाचा ड्रोन वेगळ्या कारणांनी पडतात, म्हणून हा फरक गाळून चालणार नाही. वाऱ्याची दिशा, बॅटरीची टक्केवारी, उंची, अंतर, यांतलं काहीही पुसू नका. ती गेली तर अहवालात राम उरत नाही.

गिऱ्हाईकाचं नाव, लग्नाचा प्रसंग, बागायतदाराचं आडनाव हे तुमचं नव्हे, त्यांचं आहे. त्यांना न विचारता ते कुठेही जाता कामा नये.

फोटो पाठवताना जपा. मोबाइलच्या फोटोच्या फाइलमध्ये जागा आणि वेळ नोंदलेली असते, आणि लॉगमध्ये ड्रोनचा अनुक्रमांकही सापडू शकतो. लॉग फक्त पडताळणी करणाऱ्या माणसाला द्या. बाहेर जाणाऱ्या मजकुरात त्यातले आकडे पुरेत.

आणि व्हॉट्सॲपचा गट म्हणजे गोपनीय जागा नव्हे. "कुणाला सांगू नका" असं वर लिहून टाकलेला व्हिडिओ सगळ्यांत जलद पळतो.

पाचवी पायरी: द्यायचं कुणाकडे

सक्तीचं डीजीसीएकडे, ते वर आलंच. स्वेच्छेच्या घटनेसाठी पहिला दरवाजा म्हणजे जिथून रिमोट पायलट प्रमाणपत्र घेतलंत ती प्रशिक्षण संस्था. चांगल्या संस्थेला अशा घटना हव्याच असतात, पुढच्या तुकडीला शिकवायला. पाठवण्याआधी विचारा: नाव कोण पाहणार, ते किती दिवस ठेवणार, मजकूर बाहेर जाण्याआधी मला दाखवणार का? तीन प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर तिथे देऊ नका. ड्रोनमध्येच दोष वाटत असेल तर उत्पादकालाही स्वतंत्र कळवा. सॉफ्टवेअरची खोड तुमच्या गटातल्या माणसाला दुरुस्त करता येणार नाही.

दुसरा रस्ता मला कोकणासाठी जास्त जमणारा वाटतो. जिल्ह्यातल्या चालकांनी मिळून एक माणूस ठरवावा. तो स्वतः लग्नाची किंवा फवारणीची कामं घेणारा नको. ज्याच्याशी धंद्यात स्पर्धा आहे त्याच्या हातात कोण आपली चूक देईल? निवृत्त शिक्षक, बोटीवर नोकरी केलेला कुणी, कृषी महाविद्यालयातले प्राध्यापक, असा माणूस बघा. बोटीवरच्यांना ही सवय असते, कारण चर्पसारख्या संस्थेची एक शाखा जहाजांसाठीही आहे. या माणसाचं काम चारच गोष्टींचं: ऐकणं, फोनवर प्रश्न विचारणं, ओळख पुसून अर्ध्या पानात लिहिणं, आणि ते लिहिलेलं मूळ माणसाला दाखवून त्याने होकार दिल्यावरच गटात पाठवणं. नाव असलेला कागद मग फाडून टाकायचा, व्हॉइस नोट पुसायची.

त्याने काही गोष्टी आपल्याकडे ठेवूच नयेत, हे आधी ठरवून घ्या. अपघात आला तर "४८ तास आहेत, आधी तिकडे कळवा" एवढं सांगायचं. जाणूनबुजून केलेला नियमभंग किंवा गुन्हा आला तर तो गोपनीयतेखाली दडवायचा नाही.

कुठे किती उंच उडवता येतं ते दाखवणाऱ्या झोनच्या नकाशाच्या चुकांबद्दलच्या घटना गटाने आवर्जून गोळा कराव्यात. ग्रीन झोनमध्ये जमिनीपासून ४०० फूट म्हणजे १२० मीटरपर्यंत परवानगी लागत नाही, पण चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती मर्यादा २०० फूट, म्हणजे ६० मीटर आहे. चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, गोव्यातला मोपा जानेवारी २०२३ मध्ये, आणि मोपाचं वर्तुळ राज्याची हद्द मानत नाही. बांदा-सातार्डा भागात "आपण तर महाराष्ट्रात आहोत" या समजुतीवर उडवू नका. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं, तेव्हा उरण-पनवेलकडच्यांनीही जुन्या आठवणीवर विसंबू नये. उड्डाणाच्या दिवशी सकाळी नकाशा पाहिला होता का, हा प्रश्न प्रत्येक अहवालात असावा.

पाठवल्यानंतर

तुम्हाला फोन येईल, आणि प्रश्न उलटतपासणीसारखे वाटतील: दोर किती मीटरवर दिसला, ते अंतर कसं मोजलंत, मदतनीस नेमका काय बोलला. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणा. अंदाज दिलात तर तो पुढे आकडा म्हणून छापला जातो. मजकूर वाचायला आला की घरच्या कुणाला तरी वाचून दाखवा. त्यांनी "हे तर तुझंच" म्हणून ओळखलं, तर आणखी एक-दोन तपशील काढायला सांगा. तरीही ओळखू येत असेल, तर दोन-तीन महिने थांबून हंगाम उलटल्यावर पाठवा म्हणून सांगा. तो तुमचा हक्क आहे आणि कुणी वाईट वाटून घेऊ नये. एकच अपवाद: धोका अजून तिथेच असेल, म्हणजे झावळ्यांमागची तार किंवा जेटीवरचा कंपासचा घोळ, तर जागेचं नाव त्याच दिवशी गटात जाऊ द्या, आणि तुमची गोष्ट सावकाश मागून येऊ द्या.